कळसूबाईची रात्रचढाई आणि जाहिरातीतला ‘सोपी’ हा शब्द

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत पर्वतीच्या १०३ पायऱ्यांपलीकडे मी काही चढले नव्हते. त्यामुळे पुण्यातील एका ट्रेक आयोजकाच्या जाहिरातीत कळसूबाईच्या रात्रचढाईपुढे ‘श्रेणी : सोपी’ असे छापलेले पाहिले, तेव्हा त्यावर विश्वास ठेवण्याखेरीज माझ्याकडे दुसरा आधार नव्हता. जानेवारीतल्या एका शनिवारी रात्री निघून रविवारी संध्याकाळी परत, बसभाडे, नाश्ता, जेवण आणि वाटाड्या धरून माणशी १,४०० रुपये, असा तो बेत होता. आयोजकाचे नाव मी लिहिणार नाही, कारण माझ्या बऱ्याचशा तक्रारी अशा सहलींच्या एकूण पद्धतीबद्दलच आहेत.

तक्रारींपासूनच सुरुवात करते. दहाला सुटणारी बस उशिरा येणाऱ्या चार जणांसाठी अकरापर्यंत थांबली, आणि त्या एका तासाची किंमत आम्ही सर्वांनी सकाळी मोजली. संगमनेर, अकोले, राजूर या वाटेने कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात पोहोचेपर्यंत सव्वाचार झाले होते. रात्रभरात बस ज्या एकाच ठिकाणी थांबली तिथल्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होते, आणि याची आधी चौकशी करावी असे कोणाला सुचलेले दिसले नाही. पंचेचाळीस जणांच्या गटात आम्ही निम्म्या स्त्रिया होतो.

आता चढाईविषयी. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर असून महाराष्ट्रातील ते सर्वांत उंच शिखर आहे, हे शाळेत पाठ केलेले असते. परंतु बारीपासून त्यातील सुमारे आठशे मीटर स्वतःच्या गुडघ्यांवर चढायचे असतात, हे पाठ्यपुस्तकात नसते. वाट मळलेली आहे, चुकण्यासारखी नाही, आणि कातळाच्या अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. नियमित डोंगर चढणाऱ्याला ती सोपी वाटेलही. मला पहिल्या अर्ध्या तासातच धाप लागली, पिंडऱ्या भरून आल्या, आणि आयोजकांचा पुढचा म्होरक्या तरण्या मुलांना घेऊन दिसेनासा झाला. डोक्याला बांधलेल्या बॅटरीच्या उजेडात समोरच्याचे बूट दिसत होते, तेही हळूहळू दिसेनासे झाले.

या सेवेतील खरोखर मोलाची गोष्ट मला इथे भेटली. गटाच्या शेवटी चालायला बारी गावचा एक वाटाड्या नेमलेला होता. वय साठीच्या आसपास, अंगात जुना स्वेटर, पायात साध्या रबरी चपला. त्याने मला धीर दिला नाही की घाईही केली नाही. तो नुसता प्रश्न विचारत राहिला. ताई, माहेर कुठलं? भावंडं किती? घरी भाकरी करता की चपाती? आधी मला या चौकशांचा थोडा त्रासच झाला. नंतर एका शिडीच्या मध्यावर त्याने काहीतरी विचारले आणि मला उत्तर देता आले नाही, तेव्हा वर पोहोचताच त्याने मला दगडावर बसवले आणि म्हणाला, “बोलता येतंय तवर चालायचं, ताई. बोलणं तुटलं की बसायचं.” तो इतका वेळ माझा दम मोजत होता. पाच मिनिटांनी त्याने भावांची नावे विचारली, मी ती सलग सांगितली आणि आम्ही उठलो. पुढची सगळी चढण आम्ही याच हिशोबाने केली.

शिडीचे कठडे पहाटे इतके गार असतात की तळहात चिकटल्यासारखे होतात आणि नंतर बराच वेळ हाताला लोखंडाचा वास येत राहतो. साधे सुती हातमोजे न्यावेत, ही सूचना आयोजकांच्या यादीत असायला हवी होती. जाहिरातीत ‘शिखरावरून सूर्योदय’ असे आश्वासन होते. प्रत्यक्षात तो आम्हाला शेवटच्या शिडीच्या बराच खाली, रांगेत उभे असताना दिसला. रविवारची गर्दी एवढी होती की शिडीपाशी पाऊण तास गेला आणि मी माथ्यावर पोहोचले तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. खरे सांगायचे तर त्या रांगेमुळेच माझे पाय पुन्हा चालते झाले, म्हणून तिच्याबद्दल मी फार बोलणार नाही.

माथा लहानसाच आहे आणि त्यावर कळसूबाईचे छोटे मंदिर आहे. दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी आणि पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे तिघे दुर्ग स्पष्ट दिसत होते. माझ्याआधी तासभर पोहोचलेली मुले तोवर फोटो काढून उतरायला लागली होती. मी मंदिराच्या भिंतीला टेकून बसले आणि वाटाड्याने न विचारताच त्याला माझ्या आजोळच्या गावाचे नाव सांगितले.

उतरताना गुडघ्यांनी चढण्यापेक्षा अधिक त्रास दिला. आधाराची काठी आयोजकांकडे एकही नव्हती. मला मिळाली ती वाटाड्याने तोडून दिलेली. खाली बारीतल्या एका घरात नागलीची भाकरी, पिठले, ठेचा आणि डाळभात असे जेवण होते. जेवणाला नाव ठेवायला जागा नाही.

पाचपैकी तीन गुण देते, आणि त्यातील दोन त्या वाटाड्याचे आहेत. आयोजकांनी ‘सोपी’ हा शब्द काढून चढाईची उंची आणि लागणारे तास छापावेत, बस वेळेवर सोडावी आणि गटाचा आकार निम्म्यावर आणावा. प्रथमच जाणाऱ्यांनी नोंदणी करताना गटाच्या शेवटी कोण चालणार आहे एवढे अवश्य विचारावे. मी स्वतः पुढच्या हिवाळ्यात आदल्या संध्याकाळीच बारीला मुक्कामाला जाणार आहे, तेही मंगळवार-बुधवार बघून. जेवणाच्या घरच्या मावशींनी आताच दोन दिवस आधी कळवायला सांगितले आहे.