पितळ की स्टेनलेस? पुन्हा उघडायचं असेल तर...

साधं लोखंड गंजतं म्हणून नको, एवढं ठरलं की नट-बोल्ट आणि स्क्रूंसाठी बहुतेकांसमोर दोनच नावं उरतात. मी दोन्ही वापरलीत आणि दोन्हींनी त्रास दिलाय. पण एकाने दिलेला त्रास अजून डोक्यातून गेलेला नाही, तेव्हा पुढचं थोडं त्या रागातून लिहिलंय असं धरूनच वाचा.

ताकदीचा मुद्दा आधी मिटवतो. जिथे खरा भार पेलायचाय तिथे स्टेनलेस, वादच नाही. पितळ मऊ आहे आणि ते लपवतही नाही. कडक लाकडात पितळी स्क्रू थेट पिळला की डोकं पेचकसाबरोबर हातात येतं आणि दांडी आत राहते. माझे पहिले तीन असेच गेले. मग एका सुताराने युक्ती सांगितली: भोक पाडून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळायचा, लाकडात आटे पडले की तो काढायचा आणि मग पितळी स्क्रूला मेण लावून हातानेच बसवायचा. काम दुप्पट होतं, खरंय. पण त्यानंतर माझा एकही तुटलेला नाही.

आता स्टेनलेस. अंगणातल्या लाकडी बाकाला 304 चे (ही स्टेनलेसची नेहमीची जात) नट-बोल्ट आणले होते, नवं कोरं पाकीट. नट अर्ध्यापर्यंत बोटांनी सरसर गेला, पुढे पान्याने दोन फेरे, आणि थांबला. आट्यात काहीतरी अडकलं असेल म्हणून उलटा फिरवला, तर उलटाही हलेना. बोल्टचं डोकं दुसऱ्या पान्यात धरून जोर लावला, तर बोल्टच पिळवटून कडकन तुटला. गंज नाही, माती नाही, आटेही वाकडे नाहीत.

कारण नंतर कळलं, आणि गंमत म्हणजे ते स्टेनलेसच्या गुणातच आहे. त्याला गंजापासून वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा, नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ पापुद्रा. ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो लगेच पुन्हा धरतो. पण आवळताना आटे एकमेकांवर दाबून घासले जातात, पापुद्रा निघतो, आणि नवा धरायच्या आत उघड्या धातूला उघडा धातू भिडतो. नट आणि बोल्ट एकाच जातीचे, त्यामुळे न तापवताच वेल्डिंग झाल्यासारखं होतं. ड्रिलने भराभर आवळाल तर धोका आणखी वाढतो. उपाय आहे: आट्यांना अँटी-सीझ पेस्ट (आटे एकमेकांना धरू नयेत म्हणून असलेलं वंगण) लावा, सावकाश फिरवा. ज्याला दर वेळी हे आठवतं त्याने खुशाल स्टेनलेसच घ्यावं. मला चाळीस नटांतल्या एकोणचाळिसांनाच आठवतं.

शिवाय ‘स्टेनलेस म्हणजे गंज नाही’ हेही तितकंसं खरं नाही. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, तरी खाऱ्या हवेत त्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग येतात. तिथे 316 हवं. त्यातल्या 2-3 टक्के मॉलिब्डेनममुळे ते मिठाला जास्त टिकतं. आणि लोहचुंबक लावून पारख करू नका. थंड अवस्थेत ठोकून-दाबून घडवलेला अस्सल 304 बोल्टही थोडा चिकटतो, आणि कमी निकेलचं 202 न चिकटताही लवकर डागाळतं.

पितळाचंही सगळं गोड नाही. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, मागे लालसर, सच्छिद्र तांबं उरतं. दिसायला स्क्रू शाबूत, आतून पोकळ. दुसरा शत्रू अमोनिया. हिंदुस्थानात ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की आपोआप तडकत, ती घोड्यांच्या मुतातल्या अमोनियामुळे. तेव्हा अमोनियावालं क्लीनर पितळी बिजागऱ्यांवर मारू नका. चकाकी महिनोन्‌महिने तशीच हवी असेल, तर पितळ तुमच्यासाठी नाहीच.

तरीही आता मी आधी एवढंच बघतो की हा जोड पुन्हा कधी उघडायचाय का. कायमचा असेल तर स्टेनलेस, डोळे मिटून. उघडायचा असेल तर निदान नट तरी पितळी. बोल्ट 304 चा, नट पितळेचा: दोन धातू वेगळे, त्यामुळे आटे सहसा एकमेकांना धरत नाहीत. गाड्यांच्या एक्झॉस्टच्या स्टडवर (बिनडोक्याच्या बोल्टवर) पितळी नट घालायची जुनी पद्धत आहे, तीही ते नंतर सुटावेत म्हणूनच. समुद्राच्या पाण्यात मात्र ही जोडी नको. तिथे पितळ झिजत जातं. आणि पितळी नट आवळताना हात जरा आखडता ठेवावा लागतो, नाहीतर आटे जातात.

बाकाला शेवटी अशीच जोडी घातली. परवा एक फळी बदलायला तो तिसऱ्यांदा उघडला. पान्याचा एकेक हिसका दिला आणि पुढचे सगळे फेरे बोटांनीच. नट काळवंडलेत, पण मी ते पुसले नाहीत.