ई२० पेट्रोल: लिटर भरून मिळतो, किलोमीटर कमी मिळतात

पंपावर आज साधं पेट्रोल म्हणून जे मिळतं ते ई२०, म्हणजे ८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल. फेब्रुवारी २०२३ मध्ये मोजक्या पंपांवर सुरू झालेलं हे मिश्रण २०२५ मध्ये देशभर पोहोचलं. आधीचं उद्दिष्ट २०३० चं होतं. निकाल आधीच सांगतो: एप्रिल २०२३ नंतरच्या गाडीसाठी हे चांगलं इंधन आहे. बीएस६ च्या (२०२० पासून लागू झालेल्या प्रदूषण नियमांच्या) आधीच्या, कार्ब्युरेटरवाल्या (सेन्सरशिवाय हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या) गाडीला ते चालतं, पण थोडं काम करून घ्यावं लागतं. किंमत मात्र दोघांसाठीही चुकीची आहे.

अ‍ॅव्हरेजवरून सगळ्यात जास्त वाद होतो, म्हणून ते आधी. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. या हिशेबाने शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० च्या लिटरमध्ये सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी भरते. पण २०२२ च्या मध्यापासून आपण ई१० वापरत होतो, तेव्हा त्यातली निम्मी घट आधीच होऊन गेली होती. ई१० वरून ई२० वर आल्यावरचा फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास बसतो. १८ चं अ‍ॅव्हरेज देणारी कार १७.४ देईल. महिन्याला १००० किलोमीटर फिरणाऱ्याला जवळपास दोन लिटर जास्त लागतील, म्हणजे मुंबईच्या दराने दोनशे रुपये.

नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातले आकडेही याच रांगेतले आहेत. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट, तशाच दुचाकीत ३ ते ४ टक्के, आणि ई१० साठी बनवून ई२० साठी जुळवलेल्या चारचाकीत १ ते २ टक्के. सरकारी खुलाशात १ ते २ टक्के दिसतात ते या शेवटच्या गटाचे. जुन्या गाडीवाल्याने ते स्वतःला लावून घेऊ नयेत. उलट कोणी १५-२० टक्के अ‍ॅव्हरेज पडलं म्हणत असेल, तर नुसतं इथेनॉल एवढं खाऊच शकत नाही. तिथे तुंबलेला फिल्टर, मिसफायर, अडकलेला चोक, घासणारे ब्रेक किंवा चाकात कमी हवा, यांपैकी काहीतरी आहे. ते शोधा.

अ‍ॅव्हरेज मोजायचं तर डॅशबोर्डवरचा आकडा सोडून द्या, तो बहुतेकदा जास्तच दाखवतो. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, वरून थेंबभरही घालू नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा, किमान ३०० किलोमीटर चालवा, मग त्याच पंपावर त्याच नोझलने पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. असं तीनदा करून सरासरी काढा. मापाची शंका आली तर पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप मागा. ते ठेवणं पंपाला बंधनकारक आहे आणि २५ मिलीपर्यंतचीच तूट चालते.

आता जुन्या दुचाकींकडे. त्यांची संख्या मोठी आणि त्यांच्याबद्दल नीट कोणी सांगत नाही. पेट्रोल पूर्ण जळायला एका ग्रॅमला १४.७ ग्रॅम हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. ई२० चं प्रमाण १३.५ च्या जवळ येतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. कार्ब्युरेटरला सेन्सर नाही. जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचं, भोक तेवढंच, त्यामुळे मिश्रण पातळ होतं, मेकॅनिकच्या भाषेत ‘लीन’. लक्षणं ठरलेली: सकाळी चोक जास्त वेळ लागतो, थ्रॉटल सोडला की सायलेन्सर फटफटतो, चढावर दम लागतो, इंजिन जास्त तापतं, आणि प्लग उघडला तर टोक विटकरीऐवजी पांढरटलेलं दिसतं.

उपाय स्वस्त आहे. आधी एअर फिल्टर आणि प्लग ठीक करा, मग कार्ब्युरेटरवरचा मिक्श्चरचा स्क्रू इंजिन गरम असताना पाव-पाव फेऱ्याने फिरवा. इथेच चूक होते. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा असतो, बाहेर काढला की मिश्रण दाट होतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की दाट होतं. मधल्या वेगात अडखळत असेल तर जेट नीडलची (जेटमध्ये वर-खाली होणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच खाली बसवा, म्हणजे नीडल वर उचलली जाते. फुल थ्रॉटलवरही प्लग पांढरा पडत असेल तरच मेन जेटला हात लावा, आणि एकच पायरी वर जा: १०० चा असेल तर १०२.५. ई१० च्या तुलनेत इंधन ४-५ टक्के जास्त लागतं, भोकाचा व्यास दोन-अडीच टक्के वाढला की क्षेत्रफळ तेवढं वाढतं. थेट ११० चा जेट टाकणारा मेकॅनिक तुमचं पेट्रोल फुकट जाळतो.

दुसरा भाग रबराचा. जुन्या नायट्राइल रबराचे पाइप आणि ओ-रिंग इथेनॉलने फुगतात, नंतर वाळून चिरा पडतात. कार्ब्युरेटरच्या फ्लोट नीडलचं रबरी टोक फुगलं की बाउल, म्हणजे त्यातली पेट्रोलची वाटी, भरून वाहतो आणि गाडीखाली पेट्रोलचा डाग पडतो. पाइप बदलायचाच आहे तर वर ‘एसएई जे३० आर९’ छापलेला घ्या, त्याचा आतला थर फ्लुओरो रबराचा असतो. ‘व्हायटॉन’ म्हटलं की स्पेअरवाल्याला कळतं. साधा पारदर्शक प्लास्टिकचा पाइप काही महिन्यांत कडक होतो, तो लावू नका. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. जुन्या गाडीचा फिल्टर एकदा बदलून घेतला की हा त्रास बहुतेक संपतो.

पावसाळा हा या इंधनाचा कच्चा दुवा. इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पाणी विरघळून जळून जातं, तिथवर ठीक. पण जमिनीखालच्या टाकीत पावसाचं पाणी शिरलं आणि मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं. पंप खेचतो तोही तळातूनच. पेट्रोल भरून निघालात आणि एक-दोन किलोमीटरवर गाडी बंद पडली तर सेल मारत बसू नका. टाकी पूर्ण रिकामी करून घ्या, गाडीतल्या इंधन पंपाची जाळी धुवा, फिल्टर बदला, बिल जपून ठेवा आणि काढलेल्या इंधनातला एक लिटर काचेच्या स्वच्छ बाटलीत ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर तक्रारीला तोच पुरावा. कोकणात किंवा गोव्यात गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, आत दमट हवेला जागा राहत नाही. कार्ब्युरेटरचा बाउल मात्र खालच्या स्क्रूने रिकामा करा.

मिश्रण किती टक्क्यांचं आहे हे तपासायला १०० मिलीचा मोजनळा पुरतो. १० मिली पाणी, त्यावर ९० मिली पेट्रोल, बूच लावून हलवा, दहा मिनिटं स्थिर ठेवा. खालचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही, २५ ते २८ च्या दरम्यान गेला तर ई२०. हे उघड्यावर, आगीपासून लांब करा.

बाजारात ‘इथेनॉल प्रोटेक्टर’ म्हणून बाटल्या विकतात. गंज रोखणारी रसायनं त्यांत असू शकतात, पण गेलेली ऊर्जा किंवा वेगळं झालेलं पाणी कुठलीही बाटली परत मिसळून देत नाही. १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल साडेतीन टक्क्यांसाठी घेणं हिशेबात बसत नाही. ई२० चं ऑक्टेन तसंही ९५ आहे, आधीच्या साध्या पेट्रोलचं ९१ होतं. नॉक सेन्सर (इंजिनातली ठोठावणी ओळखणारा) असलेलं इंजिन त्याचा थोडा फायदा उचलतं.

राहिली किंमत. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो, तेव्हा मिश्रणाचं धोरण योग्यच आहे. पण ब्राझीलमध्ये पंपावर इथेनॉल आणि पेट्रोलचे दर वेगळे लिहिलेले असतात, आणि इथेनॉल पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा स्वस्त असेल तरच लोक ते भरतात. ब्रिटनने २०२१ मध्ये ई१० आणलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ई५ ठेवलं. आपल्याकडे ना पर्याय, ना सवलत. पर्यायासाठीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. तेल कंपन्या म्हणतील इथेनॉल स्वस्त नाही, आणि ते खरं आहे: २०२४-२५ साठी मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१.८६ रुपये होता, उसाच्या रसाच्या इथेनॉलचा ६५.६१. करांआधीचं पेट्रोल तेव्हा याहून स्वस्त पडत होतं. म्हणूनच सवलत करातून यायला हवी. मिश्रणासाठीच्या इथेनॉलवरचा जीएसटी २०१८ मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आणला, तसंच काही पंपावरच्या ग्राहकासाठी करता येतं. ऊर्जा कमी तर कर तेवढा कमी, आणि नोझलवर मिश्रणाची टक्केवारी ठळक अक्षरात.