एनपीएन रंगद्रव्य: गळती दाखवतं, टाके नाही

ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंवर (ज्यांच्या भिंतीबाहेर आणखी एक पटल असतं, तेच बाह्यपटल) काम करणाऱ्यांना एनपीएन हे चमकणारं रंगद्रव्य नवं नाही; हे त्याचंच परीक्षण. एन-फिनाइल-१-नॅफ्थिलअमाइनची ही पावडर पाण्यात जेमतेम विरघळते, पाण्यात चमकतही नाही. चरबीत शिरली की उजळते. बाह्यपटल धड असेल तर तिला आत वाव नसतो, कारण बाहेरच्या थरातले एलपीएसचे (लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे साखर जोडलेल्या चरबीचे) रेणू मॅग्नेशियम आणि कॅल्शियमने एकमेकांना धरून बसलेले असतात. ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारं रसायन) घाला, ते आयन ओढले जातात, एलपीएस सुटतं आणि प्रकाश मोजणाऱ्या रीडरवरचा आकडा बघता बघता चढतो. ३५० नॅनोमीटरचा प्रकाश टाकायचा, ४२० ला वाचायचं, शेवटचं प्रमाण १० मायक्रोमोलर. काही मिनिटांत उत्तर. या कामाला पैकीच्या पैकी गुण.

पाचातला एक तारा मात्र मी कापलाय, तो रंगासोबत आलेल्या माहितीपत्रकासाठी. ‘पेशी-आवरणाची स्थिरता मोजा’ असं त्यावर ठळक छापलंय. स्थिरता? या रंगाला पटलाची झिरप कळते. पटल खालच्या भिंतीला बांधलेलं आहे की नाही, याचा त्याला पत्ताच नसतो.

ई. कोलाय या जिवाणूमध्ये ही बांधणी मुख्यतः एलपीपी करतं. ब्राउन आणि रेन यांनी १९६९ मध्ये दाखवलेलं हे प्रथिन अवघ्या ५८ अमिनो आम्लांचं, पण एका पेशीत त्याच्या लाखो प्रती. एक टोक चरबीच्या आधाराने बाह्यपटलात रुतलेलं, दुसऱ्या टोकाचं लायसिन पेप्टिडोग्लायकनला, म्हणजे त्या भिंतीला, सहसंयुजी बंधाने पक्कं. कापड आणि अस्तर यांच्यामधले टाकेच म्हणा ना. यातले साधारण एक तृतीयांशच भिंतीला जोडलेले असतात, बाकीचे मोकळे. ओएमपीए आणि पाल ही प्रथिनंही भिंत धरतात, पण असा बंध न करता. पेशी दुभंगताना बाह्यपटलाला आत ओढून घ्यायला टॉल-पाल ही प्रथिनांची जोडगोळी लागते.

आता एलपीपीचं जनुक उडवा. पेशी मरत नाही, आणि हीच गंमत आहे. बाह्यपटल फुगे सोडू लागतं, दोन पटलांच्या मधल्या जागेतलं आरएनेज (आरएनए तोडणारं विकर) बाहेर गळतं, ईडीटीएचा मारा सोसवत नाही. पण भिंतीपासून सुटलेला तो फुगा स्वतःपुरता बंद असेल, तर एनपीएनने काय सांगावं? उलट बाजूने पाहा: सगळे टाके शाबूत ठेवून नुसतं एलपीएस सैल केलं, तरी रंग झगझगतो. गळती आणि टाके एकच समजून काढलेले आलेख मी तपासायला घेते तेव्हा जीव कासावीस होतो.

टाक्यांबद्दल काही कळायला हवं असेल तर आरएनए मिसळलेली, अगर-जेलीची प्लेट लावा. वसाहती वाढल्यावर वरून आम्ल ओता. आरएनए पांढरट साकळतं आणि गळक्या वसाहतीभोवती, जिथे आरएनेजने ते आधीच तोडलेलं असतं, स्वच्छ वलय राहतं. संथ आहे, दिसायला जुनाट आहे, पण फुग्यांबरोबर काय वाहून गेलं ते हीच दाखवते. सोबत सूक्ष्मदर्शकाखाली फुगे बघितलेत तर उत्तमच.

खरेदी करणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं. एक्रएबी-टॉलसी हा पंप एनपीएनला बाहेर फेकत असतो. त्यामुळे उपाशी किंवा अ‍ॅझाइड (ऊर्जा तोडणारं विष) दिलेल्या पेशी जास्त उजळतात. ते पटल फाटल्याचं लक्षण नव्हे, पंपाची ऊर्जा संपल्याचं आहे. पॉलिमिक्सिन-बी (बाह्यपटल फोडणारं प्रतिजैविक) दिलेला नमुना तुलनेसाठी शेजारी नेहमी ठेवा, बफरमध्ये (पेशी ठेवायच्या द्रावणात) मॅग्नेशियम राहू देऊ नका.

आणि साठा अ‍ॅसिटोनमध्ये केला असेल तर तो थेट प्लेटच्या कोरड्या खळग्यात टाकू नका. पॉलिस्टायरिन विरघळून तळ धूसर होतो आणि ती प्लेट गेलीच. आधी बफरमध्ये पातळ करा, हातमोजे घाला, बाटली उजेडापासून दूर ठेवा. यातली अ‍ॅसिटोनची ओळ तरी त्या चकचकीत पत्रकात हवी होती.