फ्रेजल व्हर्ब्जसाठी अँकी: कार्डं स्वतः बनवणार असाल तर जरूर घ्या

रोजचं इंग्रजी, त्यातही फ्रेजल व्हर्ब्ज (‘पुट ऑफ’सारखी दोन-तीन शब्दांची क्रियापदं), पक्कं करायला अँकी हे कार्डांवरून पाठ करायचं अ‍ॅप वापरावं का, असं ओळखीतले बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठाम ‘हो’ आहे. अट एकच, इतरांनी बनवलेला तयार डेक, म्हणजे कार्डांचा संच, उतरवून घ्यायचा नाही.

परदेशातल्या ग्राहकांच्या ईमेलना उत्तरं देणं आणि त्यांच्या मीटिंगची टिपणं काढणं हे माझं काम. व्याकरण चांगलं होतं, जडजड शब्दही येत होते. पण बोलताना माणसं ‘पोस्टपोन’पेक्षा ‘पुट ऑफ’ जास्त म्हणतात. ‘इन्व्हेस्टिगेट’च्या जागी ‘लुक इनटू’, ‘रिजेक्ट’च्या जागी ‘टर्न डाउन’, ‘टॉलरेट’च्या जागी ‘पुट अप विथ’. सगळे शब्द अगदी पहिल्या धड्यातले, आणि अर्थ मात्र त्यांची बेरीज करून हाती लागत नाही. खरं तर आपल्याला हे नवीन नाही. ‘सांगून टाक’ म्हणताना आपण काहीही टाकत नसतो. पण मराठीत ते कानावर पडून पडून मुरलेलं असतं, इंग्रजीत ते मुरवावं लागतं. त्यासाठी मला अँकीइतकं उपयोगी दुसरं काही सापडलेलं नाही.

अँकी हा फ्लॅशकार्डांचा प्रोग्राम. डेमियन एल्म्स यांनी तो 2006 मध्ये आणला. कार्ड समोर येतं, आपण मनात उत्तर द्यायचं, मग उत्तर उघडून अगेन, हार्ड, गुड, ईझी यांपैकी एक बटण दाबायचं. आठवलं तर तेच कार्ड आणखी लांबच्या तारखेला येतं, नाही आठवलं तर लगेच परत. शिकलेलं किती वेगानं पुसलं जातं याचे प्रयोग हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच प्रसिद्ध केले होते. पुसलं जायच्या बेतात असताना पुन्हा विचारायचं, हे अँकीचं सगळं तंत्र. 2023 पासून त्यात एफएसआरएस नावाची नवी पद्धतही आहे. ती सेटिंगमधून सुरू करायची. आपण आधी कुठली बटणं दाबली त्यावरून ती पुढच्या तारखा काढते. किती टक्के आठवायला हवं हेही ठरवता येतं. मूळ आकडा 90 टक्के असतो, तो तसाच राहू द्या. 95 केला की रोजच्या कार्डांचा ढीग भलताच वाढतो.

आता तयार डेकना माझा विरोध का? बऱ्याच डेकमध्ये कार्डाच्या एका बाजूला ‘टेक ऑफ’ आणि दुसऱ्या बाजूला ‘काढणे, उड्डाण करणे, झपाट्याने यशस्वी होणे, सुटी घेणे’ अशी रांग असते. तीन आठवले, चौथा नाही, मग बटण कोणतं दाबायचं? शिवाय यादी वर्णक्रमानं आली, तर ‘पुट ऑफ’, ‘पुट ऑन’, ‘पुट आउट’, ‘पुट अप’ एकाच दिवशी समोर येतात आणि चौघांची सरमिसळ होते. एका कुटुंबातले दोन शब्द मी एकाच वेळी कधीच घालत नाही. एक चांगला बसला की मगच दुसरा.

माझं कार्ड असं असतं. अँकीत क्लोझ नावाचा प्रकार आहे, म्हणजे वाक्यातला तुकडा झाकायचा. कामात आलेलं वाक्य घ्यायचं: ‘वी हॅड टू ____ द ऑफर बिकॉज द डेडलाइन वॉज टू टाइट.’ शेजारी सूचना: ‘आलेल्या प्रस्तावाला नकार’. उत्तर, ‘टर्न डाउन’. लगेच त्याचं जोडीदार कार्ड: ‘दे मेड अस अ गुड ऑफर, बट वी ____.’ उत्तर, ‘टर्न्ड इट डाउन’. हे दुसरं कार्ड फार मोलाचं आहे. ‘टर्न डाउन द ऑफर’ आणि ‘टर्न द ऑफर डाउन’ दोन्ही चालतं, पण सर्वनाम आलं की ते मधेच बसलं पाहिजे. ‘टर्न डाउन इट’ चालत नाही. उलट ‘लुक आफ्टर’ फोडताच येत नाही, तिथं ‘लुक आफ्टर हिम’च. नियम समजायला दोन मिनिटं पुरतात, पण बोलताना नियम आठवायला तेवढाही वेळ नसतो. ‘टर्न्ड इट डाउन’ हा आख्खा तुकडा तोंडात तयार असावा लागतो, आणि तो अशा कार्डांनीच बसतो.

कोणतं फुटतं आणि कोणतं नाही, हे लाँगमनच्या मोफत ऑनलाइन शब्दकोशात दोन टोकांच्या बाणानं दाखवलेलं असतं. कार्ड बनवताना तो बाण मी उत्तराच्या बाजूला तसाच उतरवून घेते.

आवाजही घाला, कंटाळा करू नका. क्रियापद म्हणून ‘सेट अप’ म्हणताना जोर ‘अप’वर येतो, नाम म्हणून ‘सेटअप’ म्हणताना ‘सेट’वर. ‘बॅक अप’चंही तसंच. हा फरक नुसतं वाचून कळत नाही. संगणकावरच्या अँकीत कार्ड पाहताना स्वतःचा आवाज नोंदवून मूळ आवाजाशी ताडून बघता येतो. ही सोय फार कमी लोक वापरतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दिसायला अँकी रुक्ष आहे आणि सेटिंगच्या पानावर नवा माणूस गांगरतो. सुरुवातीला एकच गोष्ट बदला: रोजची नवी कार्डं. मूळ आकडा 20 असतो, फ्रेजल व्हर्ब्जसाठी तो फार होतो, कारण आज घातलेलं प्रत्येक कार्ड पुढं कितीतरी वेळा फिरून येणार असतं. मी तो 6 वर ठेवलाय. एखादं कार्ड 8 वेळा विसरलं की अँकी त्यावर ‘लीच’ असा शिक्का मारतं. तेव्हा स्वतःला दोष देऊ नका, वाक्य तपासा. ‘ही पुट इट ____’ या वाक्यात ‘ऑफ’ही बसतं, ‘ऑन’ही बसतं, ‘डाउन’ही बसतं. आठवणार कसं? वाक्यात पुरेसा संदर्भ घातला की कार्ड सुतासारखं सरळ येतं.

कुठं काय शोभतं हे मात्र अँकी सांगत नाही, ते आपणच नोंदवायचं. ‘कॅरी आउट’, ‘सेट अप’ अधिकृत पत्रातही खुशाल चालतात; ‘फ्रीक आउट’ ग्राहकाला लिहायचं नसतं. मी अशा कार्डांना ‘फक्त बोलताना’ असा टॅग लावते. आणि संभाषणाचा सराव तर वेगळाच करावा लागतो. कार्डावर पाठ असलेला शब्द फोनवर पहिल्यांदा वापरताना जीभ अडखळतेच, म्हणून नवा शब्द मी आधी ईमेलमध्ये वापरून बघते.

संगणकावर आणि अँड्रॉइडवर अँकी मोफत आहे. आयफोनच्या अ‍ॅपला एकदाच पैसे पडतात, मात्र अँकीवेबवर खातं उघडलं तर तिथं ब्राउझरमधूनही कार्डं पाहता येतात. खातं मोफत आहे आणि त्यातूनच फोन व संगणक जुळवून घेता येतात. मी फोनवर नुसतं वाक्य टाकून ठेवते. आवाज, बाण, टॅग हे सगळं संगणकावर बसून जोडते, तिथं ते फार पटकन होतं.