23,360 रुपयांची प्लास्टिकची पँट

आधी आकडे सांगतो, म्हणजे कुणी खवचटपणे विचारायला नको. 9,250 रुपये आगाऊ. 9,250 'माल निघाला' म्हणून. 4,860 'कस्टम ड्यूटी'. एकूण 23,360. मागवला होता वेडर, म्हणजे नदीत उतरून मासे पकडताना घालायचा, पायांपासून छातीपर्यंतचा, पाणी आत न घेणारा पोशाख. त्या बदल्यात घरी आली हिरव्या पीव्हीसीची, बूट चिकटवलेली पँट. शेततळ्यात उतरताना घालतात तसली, बाजारात दीड-दोन हजारांना मिळणारी. छातीवर परदेशी कंपनीचं लेबल, तेही डिंकाने चिकटवलेलं. बायको म्हणाली, "अहो, हे नालेसफाईवाले घालतात ना?"

पुण्यात राहून वेडर कशाला लागतो, हे टोमणे ऐकून झालेत. पवना-मुळशीच्या काठावर बसून गळ टाकणाऱ्याला तो लागत नाहीच. पण हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट मासा पकडायचा तर पाण्यात उतरावं लागतं. तिथे 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची बंदी असते. मार्चमध्ये हंगाम उघडतो तेव्हा पाणी बर्फाचं, पाय बघता बघता बधिर. सप्टेंबर-ऑक्टोबरात मात्र दुपारचं ऊन चांगलंच लागतं. मला दोन्ही वेळी चालेल असा एकच वेडर हवा होता. दुकानात जाऊन, घालून, वाकून बघून घ्यावा अशी सोय इथे जवळपास नाही. म्हणून मोबाइलवर एका विक्रेत्याच्या पानावरून घेतला, अक्कल गहाण ठेवून नाही.

आणि विकणारा माणूस तयारीचा होता. छाती, कंबर, पायाची आतली लांबी, बुटाचा नंबर सगळं विचारलं. आत जाड मोजे घालणार का, हेसुद्धा. व्हिडिओ पाठवला. किंमत 18,500. इतरांनी तीस हजारांच्या वर सांगितली होती, म्हणजे स्वस्त, पण संशय यावा इतकी नाही. तीन हजार म्हणाला असता तर मीच हसून फोन ठेवला असता.

मी त्याला विचारलं, हा थंडीचा की बेताच्या हवेचा? उत्तर आलं : "सर जी, 5 एमएम निओप्रीन है, फुल्ली ब्रीदेबल. ठंड में गरम, गर्मी में ठंडा."

इथे. याच ओळीवर मी थांबायला हवं होतं. निओप्रीन म्हणजे आत बारीक बंद बुडबुडे असलेलं रबर. त्यामुळेच ते ऊब धरतं आणि त्यामुळेच घाम बाहेर सोडत नाही. पाण्यात तासभर एका जागी उभं राहायचं तर उत्तम. तीर्थनच्या काठाने दगड चढत-उतरत चालायचं तर आतल्या आत उकडून निघाल. ब्रीदेबल वेडर पातळ कापडाचा. त्यात एक पापुद्रा असतो, तो पाणी आत घेत नाही आणि घामाची वाफ बाहेर सोडतो. त्याला स्वतःची ऊब नसते. मार्चमध्ये आत फ्लीसची पँट आणि लोकरी मोजे घालायचे, ऑक्टोबरात एक पातळ थर पुरतो. दोन्ही हंगामांना एकच घ्यायचा तर ब्रीदेबल घ्या, हे मला पाठ होतं. 5 एमएम निओप्रीनचा ब्रीदेबल वेडर नसतो, हेही. ते वाक्य मला खटकलं. मी उत्तर काय दिलं? "ओके, डन."

पण मी म्हणतो, दुकानदाराला आपल्या मालातलं कळत नाही, हे आपल्याकडे फसवणुकीचं लक्षण कधीपासून झालं? सरळ धंदा करणारेही वाट्टेल ते छापतात. वाटलं, चुकून टाइप केलं असेल.

मग कस्टम. 'दिल्लीत रेडी स्टॉक' म्हणणाऱ्याचा माल दिल्लीहून पुण्याला येताना कुठल्या कस्टममध्ये अडकतो? 18,500 अडकलेल्या माणसाला हा प्रश्न सुचत नाही, आणि त्यांना ते माहीत असतं. कस्टमचा भरणा कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर कधीही होत नाही. क्यूआर आला की तिथेच फोन ठेवा.

तो काहीच न पाठवता गप्प बसू शकला असता, किंवा रिकामा डबाही पाठवू शकला असता. पँट का पाठवली, ते मला चौकीवर कळलं. "माल मिळाला ना तुम्हाला? मग हे फसवणुकीत येत नाही, दिवाणी आहे. ग्राहक मंचात जा." तिथे समोरच्याचा पत्ता मागितला. पार्सलवरचा पत्ता एका बंद गाळ्याचा निघाला. पत्ता शोधायचा कुणी? पोलिसांनी. पोलीस म्हणाले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, आणि खातं दुसऱ्या राज्यातलं, आपली हद्द नाही. अहो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी नोंदवून घ्यायचा असतो! हे म्हटल्यावर साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "वकील आहात का?" बँकेचं तर एकच पालुपद, पिन तुम्हीच टाकलात. एका हवालदाराने ती पँट हातात घेऊन शेजारच्याला दाखवली आणि दोघे हसले. हसण्यासाठी त्यांना वेळ होता. अर्जावर आवक शिक्का मारायला साहेब 'राउंडला' गेलेले.

म्हणून सांगतो, पैसे गेले की चौकीत बसून वेळ घालवू नका, आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवला तर गोठवला. मी पार्सलची वाट बघत बसलो, आणि 'माल येतोय सर' हे त्यासाठीच असतं.

ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि 5 लाखांपर्यंत फी नाही, हे खरं आहे. पण पत्ता आणा.

घेणार असाल तर व्हिडिओ कॉलवर वेडर उलटा करून दाखवायला सांगा. ब्रीदेबलच्या आत शिवणींवर टेप असते, आणि पायाशी मोजेवाला असेल तर मोजे निओप्रीनचे. बूट वेगळे घ्यावे लागतात, एक नंबर मोठे. कमरेचा पट्टा नसेल तर फुकटही नको. माझ्या पँटला नव्हता. तीर्थनच्या ओढीत पाय घसरला असता तर वरून पाणी भरून ती मला उठू देती ना, आणि चौकीतल्यांनी तेही दिवाणीच ठरवलं असतं.

ते पान बंद झालंय. गेल्या आठवड्यात नव्या नावाने उघडलं : तोच व्हिडिओ, राखाडी वेडर, मागे निळं शटर. आता किंमत 16,900, आणि 5 एमएम निओप्रीन अजून ब्रीदेबलच आहे.