‘प्लेटा जळाल्यात साहेब’: न उघडलेल्या क्लचचं बिल

फसलो त्यात निम्मी चूक माझी होती, हे आधीच कबूल करतो. मोटारसायकलची तक्रार मी स्वतःच्या हातानं निर्माण केली होती. ती कशी, हे मला पैसे देऊन आल्यावर कळलं.

तक्रार साधी होती. चढावर चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळला की इंजिनाचा आवाज चढायचा, वेग मात्र तिथंच. इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी पळत नाही, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाकडे नेणारा क्लच घसरतोय, एवढं मलाही कळत होतं. शिवाय चेनची कटकट सुरू झाली होती आणि एकदा सकाळी सेल्फ मारल्यावर नुसतं ‘टक’ झालं होतं. गॅरेजमध्ये गाडी लावताना मी या तिन्ही गोष्टी सांगून टाकल्या. आता वाटतं, तिथंच माझी मान त्याच्या हातात गेली. गिऱ्हाईक स्वतःच घाबरलेलं आहे, हे ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

दुपारी फोन आला. “साहेब, क्लचच्या प्लेटा पार जळून गेल्यात. अशीच चालवलीत तर इंजिन बसेल. चेन सेटही गेलाय, आत्ताच बदलून घ्या. बॅटरीतही दम नाही.” मी ऑफिसात कामात होतो. क्लच आणि चेन करा म्हटलं, बॅटरीचं पुढच्या महिन्यात बघू. संध्याकाळी गाडी आणली तेव्हा क्लच छान पकडत होता, चेन चकचकीत होती आणि आवाजही गेला होता. मी शहाण्यासारखं जुने पार्ट मागितले. त्यानं काळ्या ग्रीसनं लडबडलेली चेन आणि चार-पाच प्लेटा एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्या. ती पिशवी हातात आली आणि मी निर्धास्त झालो. जुने पार्ट मागितले की आपण फसत नाही, असा माझा समज होता.

संशय आला तो मी न बदललेल्या बॅटरीमुळे.

शेजाऱ्यांकडे मल्टिमीटर होता. बॅटरीत किती जीव उरलाय, महिनाभर निघेल का, एवढंच बघायचं होतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी मीटर लावला तर १२.६ व्होल्ट. बारा व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी विश्रांतीनंतर एवढं दाखवत असेल तर ती भरलेली आहे. सेल्फ दाबताना आकडा साडेदहाच्या खाली गेला नाही. गाडी चालू करून थोडा थ्रॉटल दिला तर १४.२. साधारण साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आकडा आला की चार्जिंग ठीक समजायचं. गाडी चालू असतानाही तो तेराच्या वर जात नसेल तर दुखणं रेग्युलेटर, कॉइल किंवा वायरिंगकडे असू शकतं. अशा गाडीत नवी बॅटरी टाकलीत तर तीही काही दिवसांत बसेल. मग त्या सकाळचा ‘टक’ कशाचा? निगेटिव्ह टर्मिनलचा स्क्रू बोटानं हलत होता, एवढंच. वर पांढरी भुकटीही जमली होती. निगेटिव्ह आधी काढायची, नंतर पॉझिटिव्ह, आणि जोडताना उलट क्रम. नाहीतर पाना फ्रेमला लागून ठिणग्या उडतात. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासलं, पुसून कोरडं केलं, स्क्रू आवळला. ‘दम नसलेल्या’ बॅटरीचा इलाज पंधरा मिनिटांत झाला.

मग डोक्यात किडा वळवळायला लागला. बॅटरीबद्दल हा खोटं बोलला, तर बाकीच्याचं काय?

गाडी मेन स्टँडवर घेतली आणि मागच्या चाकाशी बसलो. चेन ताणायला एक्सलच्या दोन्ही बाजूंना, स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या टोकाशी रेघा कोरलेल्या असतात. चेन झिजत जाते तशी लांबत जाते, आणि लांबलेली चेन ताणायला चाक मागच्या रेघेकडे सरकवावं लागतं. नवी चेन घातली की चाक पुन्हा पुढे यायला हवं, पहिल्या-दुसऱ्या रेघेच्या आसपास. मागच्याच महिन्यात पंक्चरसाठी चाक काढलं तेव्हा खूण चुकू नये म्हणून मी फोनवर फोटो काढला होता. फोटोत एक्सल पाचव्या रेघेवर होता. आता तो सहाव्या रेघेवर होता! नवी चेन घालून चाक मागे जातं, हा चमत्कार मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या बोल्टांभोवती जुनं ग्रीस तसंच वाळून बसलेलं होतं. म्हणजे चेन सेटमधलं, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, काहीच बदललं नव्हतं. माझीच चेन धुऊन, तेल देऊन, एक रेघ ताणून मला विकली होती. आणि तिला तेवढंच हवं होतं. स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून बाहेर ओढून पाहिली. अर्धा दात उघडा पडला तर ती संपली समजायची. माझी जेमतेम हलली. दातही सरळ होते, लाटेसारखे एका अंगाला वाकलेले नव्हते. चेनचा ढिलेपणा खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटच्या मधोमध, पट्टी लावून मोजतात. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिमी चालतो, पण आपल्या गाडीचा खरा आकडा मॅन्युअलात किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर बघावा. चाक थोडं थोडं फिरवून तीन-चार जागी मोजा, कारण झिजलेली चेन सगळीकडे सारखी ढिली नसते. आणि फार ताठही ठेवू नका. ताठ चेन बेअरिंगं खाते, आणि तिचा काही आवाज येत नाही.

मग ती पिशवी उघडली. ग्रीस पुसलं तर कडीच्या पत्र्यावर ५२० असा आकडा ठोकलेला. माझ्या गाडीवरच्या चेनवर ४२८. पहिला आकडा कडीची लांबी सांगतो, इंचाच्या आठव्या भागात. ४ म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी. ५ म्हणजे जवळपास १५.९. शाळेची पट्टी लावून पिनपासून पिनपर्यंत दहा कड्या मोजल्या, तर गाडीवरच्या १२७ मिमी आणि पिशवीतल्या १५९ च्या थोड्या वरच. ही चेन माझ्या गाडीच्या स्प्रॉकेटवर कधी बसलीच नसती. कुठल्या तरी मोठ्या गाडीचं भंगार मी जपून घरी आणलं होतं.

राहिला क्लच. तो तर खरंच सुधारला होता ना? इथं मी जरा जास्तच वेळ बसलो. क्लच प्लेटा बदलायच्या तर उजव्या बाजूचं कव्हर उघडावं लागतं. माझ्या गाडीत त्यासाठी आधी ऑइल काढायचं, मग कव्हरचे सगळे अ‍ॅलन बोल्ट काढायचे. त्या बोल्टांच्या षटकोनी खाचांत मागच्या पावसाळ्यातला चिखल वाळून विटेसारखा घट्ट झाला होता. एकाही खाचेत अ‍ॅलन की शिरल्याची खूण नाही. टाचणीनं टोकरल्यावर एक गोळी अख्खी निघाली, आतल्या कोपऱ्यांसकट. बिलावर नवं ऑइल लावलेलं नव्हतं, हेही तेव्हाच लक्षात आलं. म्हणजे ऑइल न काढताच प्लेटा बदलल्या होत्या म्हणायचं!

मग क्लच सुधारला कसा? उत्तर लिव्हरपाशी होतं. तिथल्या अ‍ॅडजस्टरच्या आट्यांवर धूळ बसलेली असायची, आता दोन आटे स्वच्छ चमकत होते. कुणीतरी तो दोन फेरे आत फिरवला होता. आणि मला आठवलं. दोनेक महिन्यांपूर्वी न्यूट्रल नीट लागत नव्हतं, तेव्हा तोच अ‍ॅडजस्टर मी स्वतः बाहेर काढला होता आणि वायर ताठ केली होती. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिमी मोकळा खेळ हवा, म्हणजे तेवढं दाबेपर्यंत बोटाला क्लचची स्प्रिंग लागता कामा नये. तो खेळ मी शून्यावर आणून ठेवला होता. मग लिव्हर सोडली तरी क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि जोर पडला की घसरतो. त्यात प्लेटा झिजतात तसा हा खेळ आपोआपही कमी होत जातो. म्हणून आज ठीक असलेली वायर सहा महिन्यांनी तपासावी लागते. मेकॅनिकनं दोन फेरे फिरवले, गाडी बरी झाली, आणि दोन फेऱ्यांचं बिल प्लेटांच्या नावानं लागलं. त्यानं खरं सांगितलं असतं तर त्या दोन फेऱ्यांची चांगली मजुरी मी आनंदानं दिली असती, हे अजून टोचतं.

क्लच घसरण्याचं आणखी एक कारण सांगून ठेवतो. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच भिजलेला असतो. कारचं काही ऑइल घर्षण कमी करणारी द्रव्यं घालून बनवतात, ते इथं टाकलं तर चांगल्या प्लेटाही घसरतात. डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघून घ्या. ग्रेड मात्र मॅन्युअलातलीच. आणि ‘ऑइल काळं झालंय’ एवढ्यावर ते बदलू नका. नवं ऑइलही काहीशे किलोमीटरांत काळपट होतं. उलट ऑइल बदलल्याचं बिल लागलं असेल आणि त्याच संध्याकाळी इंजिनवरच्या काचेतून ते डांबरासारखं दिसत असेल, तर तिथंच उभं राहून विचारा.

एका मित्राला थंडीत सकाळी सायलेन्सरमधून निघालेली पांढरी वाफ दाखवून ‘रिंगा गेल्या’, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजून इंजिन ऑइल जाळतंय, असं सांगितलं होतं. गाडी तापल्यावर विरून जाते ती वाफ. ऑइल जळतं तेव्हा धूर निळसर असतो, जळका वास येतो आणि ऑइलची पातळी उतरत जाते. प्लग काढून पाहिला तर टोक तेलकट, ओलं दिसतं. त्याचा प्लग कोरडा आणि फिकट तपकिरी होता, म्हणजे इंजिन ठणठणीत. तो वाचला, कारण त्या दिवशी त्याच्याकडे पैसे नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पट्टी, फोटो आणि पिशवी घेऊन गॅरेजवर गेलो. आधी “पोरानं पिशवी बदलली वाटतं” झालं. फोटोतली पाचवी रेघ दाखवली तर “चेन बसल्यावर ताणावीच लागते.” मग मी काही न बोलता दोन्ही चेनवर पट्टी लावली. समोर आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि ती पट्टीकडे बघायला लागली. चेन सेटचे पैसे परत आले, अंगावर फेकल्यासारखे. प्लेटांचं मात्र तो मानायलाच तयार नाही. चिखलाची गोळी मी कागदात बांधून नेली होती, तिच्याकडे बघून हसला. म्हणाला, “आत बघायचं असेल तर उघडून दाखवतो. पण उघडायची मजुरी आणि कव्हरखालचं पॅकिंग तुमचं.” मी परत आलो. तक्रार करायला हवी होती, पण बिल कच्चं होतं, नुसत्या चिठ्ठीवर ‘क्लच + चेन’ आणि आकडा. पार्टचं नाव नाही, नंबर नाही.

तेव्हापासून गाडी कुठंही लावायची असली की आधी एक्सलच्या रेघांचा, ओडोमीटरचा आणि बोल्टांचा फोटो काढतो. कव्हरच्या दोन बोल्टांवर, बोल्ट आणि कव्हर दोन्हीवर येईल असा, बहिणीच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका देतो. बोल्ट फिरला की ठिपका तुटतो. बहीण म्हणते गाडीचं लग्न ठरलंय का.

सात महिन्यांनी त्याच कव्हरच्या कडेनं ऑइल पाझरायला लागलं. या वेळी दुसरा मेकॅनिक, आणि मी शेजारी स्टूल टाकून बसलेलो. कव्हर निघालं. कडेला चिकटलेलं पॅकिंग खरवडता खरवडता तो म्हणाला, “हे कंपनीचंच दिसतंय. गाडी कधी उघडलेलीच नाही.” मी म्हटलं, उघडलंच आहे तर प्लेटाही मोजून टाका. त्यानं एकेक प्लेट पुसून व्हर्निअरवर धरली. २.८ मिमी, २.८, २.९. माझ्या मॅन्युअलात मर्यादा २.६ ची आहे. स्टीलच्या प्लेटांवर जास्त तापल्याचा निळा डागही नव्हता.

“नव्या टाकायच्या का?” मी विचारलं.

“कशाला?” म्हणत त्यानं त्याच प्लेटांना ऑइलचा हात फिरवला आणि एकेक करून परत बसवल्या.