ताज्या रंगातली जुनी अलॉय घेऊ नका

जुनी अलॉय व्हील्स, म्हणजे गाडीची अॅल्युमिनियमची चाकं, घेऊन घरी पॉलिश करणार असाल, तर मळकी, ओरखडे पडलेली घ्या. नुकतीच रंगवलेली अजिबात नकोत.

बेळगावात खानापूर रोडला एका जुन्या सामानवाल्याकडून मी स्विफ्टसाठी चार घेतली. बारा हजार, यूपीआयने. बिल मागितलं तर, "जुन्या मालाला बिल कुठलं मालक? ओरिजिनल आहेत की!" सिल्व्हर रंग नुसता लखलखत होता. चुंबक चिकटला नाही, म्हणजे लोखंडी नाहीत. चुंबकाने तेवढंच कळतं म्हणा.

घरी पेंट रिमूव्हर लावला. तीन चाकांचा रंग फुगून पापुद्र्यासारखा निघाला. चौथ्याच्या आतल्या बाजूला मात्र बोटभर पट्टा तसाच राहिला. त्यावर वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) मारला, तर अॅल्युमिनियमचं काळपट पाणी यायच्या ऐवजी दुधट राड आली. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली! ती खरवडल्यावर खाली वेल्डिंगचा ओबडधोबड टाका निघाला, आणि त्याच्या शेजारून केसाएवढी चीर, थेट टायर बसतो त्या कडेपर्यंत.

शेजारच्या काकांचं उभं आयुष्य उद्यमबागेतल्या फाउंड्रीत गेलं. चाक बघून म्हणाले, "ह्याला मजबुतीसाठी हीट ट्रीटमेंट केलेली असते रे. वेल्डिंगच्या उष्णतेनं तेवढा भाग मऊ पडतो. चोर्ला घाटातल्या एखाद्या खड्ड्यात आपटलं की संपलं."

वर त्या सामानवाल्याने पॉलिशसाठी म्हणून बिनलेबलची बाटली फुकट दिली होती. थेंबभर टाकला तर फसफसून डाग काळा पडला. कॉस्टिक सोडा, काका म्हणाले. यमनापूरला हिंदाल्कोच्या कारखान्यात बॉक्साईटमधून अॅल्युमिना काढायला हेच वापरतात. ते अॅल्युमिनियमलाही खातं, आणि फसफसतो तो हायड्रोजन. डोळ्यात उडालं असतं तर? पॉलिशला ४००, ८००, १५००, २००० नंबरचे वॉटर पेपर, पाणी आणि मेटल पॉलिश पुरतं. फक्त दंड दुखतात.

सामानवाल्याला फोन केला तर म्हणे, "घेताना बघून घ्यायचं की." नंतर नंबर ब्लॉक. यूपीआयच्या नोंदीत पैसे गेलेले दिसतात, कशाचे ते दिसत नाही. म्हणून 'चीर नाही, वेल्डिंग नाही' हे आधी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. चाक उलटं करून आतली बाजू नखाने चाचपा. तिथला इंचभर रंग विकणारा त्याच्यासमोरच खरवडू द्यायला तयार नसेल, तर सरळ घरी या. तयार झाला तरी पैसे देण्याआधी टायरवाल्याच्या बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या. वाकडं असेल तर लगेच डुलताना दिसतं.

ते चौथं चाक कुणीतरी कमी पैशात मागत होता. दिलं नाही. पुन्हा लांबी भरून तिसऱ्याच्याच गाडीला लागलं असतं. हॅकसॉने कापून दोन तुकडे केले आणि भंगारात किलोवर घातलं.